‘पोरांना काय कळतंय?’ – पण कळण्याची अट होती कधी?

ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क देणार असं जाहीर केलं, तेव्हापासून एक मजकूर सोसायटीच्या, भावकीच्या आणि आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: आपल्या घटनाकारांनी पूर्ण विचार करून अठरा हे वय ठरवलं, सोळाव्या वर्षी पोरांना काही कळत नसतं, ती आईबाप सांगतील तिथे नाहीतर रील बघून बटण दाबतील, आणि ज्यांना गाडी चालवायची, लग्न करायची परवानगी नाही, त्यांना मत कशाला? मी नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवतो आणि निवडणुकीची ड्युटी आली की केंद्रावरही बसतो. त्यामुळे गप्प राहवत नाही.

सुरुवातच चूक आहे. घटनाकारांनी अठरा ठरवलंच नव्हतं. मूळ ३२६व्या कलमात एकवीस होतं. अठरा झालं ते ६१व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून. म्हणजे लोकसभेच्या पहिल्या आठ निवडणुकांत वीस वर्षांचा जवान सीमेवर बंदूक घेऊन उभा राहू शकत होता, पण मतदानाच्या रांगेत नाही. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या काकांपैकी जे साठी ओलांडलेले आहेत, ते स्वतः विसाव्या वर्षी मतदार नव्हते.

आता ‘कळत नाही’. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. तरी १९५२ साली कोणाची परीक्षा घेतली नाही. वाचता येत नाही ना, मग उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवली, तिच्यावर चिन्ह लावलं आणि म्हटलं, टाका मत. अडचण यंत्रणेची मानली, मतदाराची नाही. आजही केंद्रावर मी ओळखपत्र बघतो, यादीतला अनुक्रमांक बघतो; अर्थसंकल्प कळतो का, हे विचारण्याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

आणि कळण्याचंच म्हणाल, तर आमच्या शाळेतली मंत्रिमंडळाची निवडणूक सांगतो. मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप, बोटाला शाईऐवजी मार्कर, रांग व्हरांड्यापर्यंत. एका मुलाने स्नेहसंमेलनाला डीजे आणायचं वचन दिलं. नववीतल्या एका मुलीने एवढंच सांगितलं, की मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी लावून घेईन. ती अकरा मतांनी आली. नंतर तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहायची. शेवटी कडी लागली. पुढच्या वर्षी डीजेवाला निवडून आला, तेही सांगून टाकतो. मोठ्यांच्यात काय वेगळं होतं?

आईबाप सांगतील तिथे मत देतील, या मुद्द्याला थोडं तपासून बघता येतं. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, यावरच्या २०१४च्या सार्वमतात सोळा-सतरा वर्षांच्यांना मत होतं. त्याआधी एडिनबरा विद्यापीठाने मुलं आणि पालक दोघांनाही विचारलं, तर चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांचा कल पालकापेक्षा वेगळा निघाला. सार्वमतानंतर तिथल्या निवडणूक आयोगाच्या पाहणीत या वयातल्या ७५ टक्के मुलांनी मतदान केल्याचं सांगितलं. १८ ते २४ वयोगटात हा आकडा ५४ होता. आपल्याकडे मात्र मी केंद्राच्या दारात उभं राहून आत गेलेल्या बायकोला ‘वरून तिसरं गं!’ असं ओरडून सांगणारा नवरा पाहिलाय. त्याला बाहेर काढावं लागलं. दोघंही चाळिशीतले.

रीलबद्दल काय बोलायचं! ज्या फॉरवर्डचं पहिलंच वाक्य खोटं आहे, तो शेकडो प्रौढांनी न तपासता पुढे पाठवलाय.

गाडी आणि लग्नाचा मुद्दा तर उलटाच पडतो. गिअर नसलेल्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो (तशी गाडी शोरूममध्ये शोधून दाखवा, हे वेगळं). मुलाला लग्नाला एकवीस लागतात, म्हणजे अठराव्या वर्षी तो सरकार निवडतो पण बोहल्यावर चढू शकत नाही. खासदारकीला उभं राहायला पंचवीस. आणि २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरामधल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो. प्रत्येक कामाचं वय आपण वेगळंच ठरवत आलोय.

एक आक्षेप मात्र मला खरंच बोचतो, आणि तो या मजकुरात नाहीच. आपल्याकडे ज्याचा साखर कारखाना त्याचंच ज्युनिअर कॉलेज, आणि तोच उमेदवार किंवा उमेदवाराचा काका. अकरावी-बारावीच्या पोराचे तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्याच संस्थेच्या हातात. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये वय सोळावर आणलं तेव्हा त्यांना ही भीती असण्याचं कारण नव्हतं. ‘मग ग्रामपंचायतीपासून सुरू करा’ असं काही जण सुचवतात. त्यांनी गावातली निवडणूक पाहिलेली नसावी. वॉर्डात तीन-चारशे मतं. कोणत्या घरातून किती फुटली, हे निकालाच्या संध्याकाळी पारावर बोटांवर मोजून सांगतात.

लोकसभा-विधानसभेलाही केंद्रनिहाय आकडे जाहीर होतातच. कुठल्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे कळू नये म्हणून अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं. विधी आयोगानेही २०१५च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. सरकारने ते मान्य केलं नाही. सोळा वर्षांच्या मुलांची नावं यादीत यायच्या आधी ते यंत्र यायला हवं, अशी माझी अट आहे. अठरा, अडतीस आणि अडुसष्ट वर्षांच्यांनाही त्याचा उपयोग होईल.