दोन डोळे, ३५ बाय ४५

आईला परवा नवे डोळे मिळाले. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपच्या व्हिसाच्या फोटोत, ३५ मिलिमीटर बाय ४५ मिलिमीटरच्या चौकटीत. काळेभोर, टपोरे, नाकासमोर बघणारे. आईचे नव्हेत ते. आईच्या उजव्या डोळ्यात काही उरलेलं नाही आणि डाव्यानं खिडकी कुठे, भिंत कुठे एवढंच कळतं. काचबिंदूनं वीस वर्षं सावकाश बसून केलेलं काम आहे ते. फोटोवाल्यानं वीस मिनिटांत पुसून टाकलं.

"मावशी, इकडे बघा."

आईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. फोटोवाला तेव्हा चार हात डावीकडे दिव्याची छत्री सरळ करत होता, म्हणून आई छत्रीकडे तोंड करून बसली.

"तिकडे नाही. इकडे." एव्हाना तो कॅमेऱ्यामागे गेला होता. आई पुन्हा वळली. "बास. आता माझ्या बोटाकडे बघा."

"तिला दिसत नाही," मी म्हणालो.

"चष्मा काढायला लावला ना, म्हणून. व्हिसाला चष्मा नको, दादा. काच चमकते."

"चष्म्याचा संबंध नाही. दिसतच नाही."

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि बोट आईच्या नाकापासून वीतभर अंतरावर आणलं. "आता?"

"कुठलं बोट?" आईनं विचारलं.

"हे काय, वर केलंय की!"

"मग कुठलंही चालेल."

यानंतर त्यानं आवाज चढवला. न दिसणाऱ्या माणसाशी मोठ्यानं बोललं की दिसायला लागतं, अशी समजूत फार ठिकाणी आहे. विमान कंपनीच्या फोनवरही आहे, दवाखान्यातही आहे. "मावशी, लाल लाईट! लाल लाईटकडे बघा!" आई शांतपणे म्हणाली, "लाल सोड रे बाबा, पांढऱ्याचीसुद्धा मारामार आहे."

मग तो माझ्याकडे वळला. "मावशी जाणार कुठे?"

"युरोपात."

"काय बघायला?"

प्रश्न सुटून गेल्यावर त्याचा त्यालाच ऐकू आला असावा. भरपाई म्हणून त्यानं आपल्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. सकाळी पट्टी काढली आणि दुपारी काका पेपर वाचत होते म्हणे. तुम्ही का नाही करून घेत? ही सूचना आम्हाला महिन्यातून एकदा तरी मिळते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरते, आणि मेलेली नस कुणाला जिवंत करता येत नाही. दोघांच्या नावात बिंदू आहे म्हणून लोक त्यांना सख्खे भाऊ समजतात.

शेवटी फोटो निघाले. आठच्या आठ फोटोंत आई एका दिशेला आणि तिचे डोळे दोन दिशांना. फोटोवाला म्हणाला, काळजी करू नका, चहा घेऊन या, बघतो मी. आम्ही परत आलो तर डोळे बसवलेले होते.

"कुणाचे आहेत?" मी विचारलं.

"सकाळी एक मॅडम आलेल्या पासपोर्टसाठी. स्किनटोन बरोबर जुळला."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण देव निदान वेगळं बिल लावत नसेल. इथे रिटचिंगचं बिल वेगळं होतं. आईनं विचारलं, "कसे दिसतात?" तर म्हणाला, "एकदम फ्रेश."

फेरफार केलेला फोटो व्हिसासाठी चालत नाही. तो सहा महिन्यांच्या आतला लागतो, मागची भिंत फिकट आणि कोरी, चेहऱ्यानं चौकटीचा ७० ते ८० टक्के भाग व्यापलेला, डोळे उघडे आणि स्पष्ट. डोळे उघडे ठेवणं ज्याला जमत नाही किंवा ज्याची बुबुळं भरकटतात, त्यानं नेत्रतज्ज्ञाचं इंग्रजी पत्र अर्जाला जोडावं. फोटो काढायची युक्ती सोपी आहे, फक्त ती फोटोवाल्याला शिकवावी लागते. त्यानं आपलं तोंड भिंगाच्या उंचीवर आणून तिथूनच बोलत राहायचं, किंवा भिंगाच्या बाजूला बोटानं टकटक करायची. माणूस नाक आवाजाकडे करतो, डोळे साधारण नाकामागे येतात. थोडाफार उजेड कळत असेल तर कॅमेऱ्याच्या बरोबर वर एक दिवा लावायचा. दुसऱ्या दुकानात आम्ही हेच केलं. चार मिनिटं लागली.

अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून ते १५ दिवसांपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ते ४५ पर्यंत ताणू शकतात, तेव्हा काठावर जाऊ नका. फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत पुन्हा वापरता येतात. फोटो मात्र नवा लागतो. सहीसाठी जाड पुठ्ठ्याला सहीच्या चौकटीएवढी खिडकी कापून न्यावी. पुठ्ठा कागदावर बरोबर जागी ठेवला की माणूस कडेला बोट लावून आतल्या आत सही करतो. अर्जावर सह्या एकाहून जास्त ठिकाणी असतात, आणि दर वेळी व्हिसाच्या खिडकीतला माणूस तुमच्या आईचा हात धरून रेघेवर नेऊन ठेवणार. पुठ्ठा त्यापेक्षा बरा. तिकडे सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी सुरू झालीय, तिथे चेहऱ्याचा फोटो पुन्हा काढतात. टचस्क्रीनच्या यंत्राकडे न जाता माणूस बसलेल्या खिडकीशीच जायचं. तिथला माणूसही म्हणणारच, इकडे बघा. व्हिसाच्या खिडकीतला निदान पुठ्ठा पुढे केला की गप्प तरी बसतो.

विमानाचं तिकीट काढताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा (तेल तुम्ही घाला, आईचे थेंब वेगळे आहेत). प्रवाशाला मदत लागेल म्हटलं की पलीकडचा माणूस डब्ल्यूसीएचआर हा कोड टाकून मोकळा होतो. तो व्हीलचेअरचा कोड आहे. न दिसणाऱ्या प्रवाशाचा कोड बीएलएनडी. चुकीचा कोड पडला की दारात खुर्ची उभी राहते, आणि खुर्ची आणणाऱ्याची नोकरी खुर्ची ढकलण्याची असल्यामुळे तो ती रिकामी परत नेत नाही. आईचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. तरी तिला बसवायचं आणि "त्या पाणी घेतील का?" हे मला विचारायचं. युरोपीय संघाचा २००६ सालचा ११०७ क्रमांकाचा नियम सांगतो की ४८ तास आधी कळवलं तर विमानतळावरची मदत मोफत द्यायची. ती खुर्चीतूनच द्यायची असं कुठे लिहिलेलं नाही. मदतीला आलेल्या माणसाला सांगायचं, तुमचा दंड पुढे करा. आई कोपराच्या वर धरते आणि अर्धं पाऊल मागे चालते. तिला मागून ढकलायचं नाही, तिचा हात धरून ओढायचंही नाही. कोपर थांबलं की ती थांबते.

सुरक्षा तपासणीत घडीची काठी ट्रेमध्ये जाते. तेवढा वेळ माणूस अनोळखी फरशीवर आधाराविना उभा राहतो. पलीकडच्या बाजूला आधीच कुणाला तरी उभं करा.

थेंबांचं सांगतो. काचबिंदूचे लॅटानोप्रोस्टचे थेंब बाटली उघडेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतात, पण चार आठवड्यांनी टाकून द्यायचे. दोन आठवड्यांच्या सहलीला एक उघडी आणि एक जादा बाटली, दोन्ही हातातल्या पिशवीत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव. युरोपात औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये उठवलेलं असतं, २००४ च्या नियमानं. आईला ब्रेल येत नाही. चाळिशीनंतर नजर गेलेल्यांतल्या पुष्कळांना येत नाही. तरी आई दिसली की लोक ब्रेलचा मेन्यू शोधायला धावतात, आणि तो आणल्यावर तिचं नाही ऐकून हिरमुसतात. त्यांचं सांत्वन करण्यात जेवण निवतं.

आगगाडीला मदत हवी तर २४ तास आधी कळवायचं. २०२३ च्या जूनपासून हा संघभरचा नियम आहे. स्टेशनवर ठरवून दिलेल्या जागी सांगितलेल्या वेळी हजर राहायचं, ती वेळ गाडीच्या आधी तासभरापर्यंतची असू शकते. खरी गंमत जर्मनीत फलाट बदलतो तेव्हा. ऐनवेळी पाटीवर नवा आकडा लुकलुकतो आणि घोषणा कळलीच तर जर्मन येणाऱ्याला कळते. गाडी बदलायची असेल तर मध्ये अर्धा तास सोडाच. बारा मिनिटांत होतं असं ॲप म्हणतं. ॲपला पाय नाहीत.

काठीचं टोक बदलून न्या. पेन्सिलीसारखं बारीक टोक रोमच्या आणि प्रागच्या दगडी फरसबंदीत फटीफटीत अडकतं आणि मूठ पोटात बसते. गोल, फिरतं टोक घ्या, एक जादा घ्या, कारण दगड ते झिजवून खातात. आणि ते आपल्या काठीला बसतं का, हे घरीच बघा. हुकाचं आणि खोबणीत बसणारं टोक वेगवेगळं असतं. व्हेनिस मी रद्दच केलं. पुलांच्या पायऱ्या झेपतील, पण कालव्याच्या काठाला कित्येक जागी कठडाच नाही. फरशी संपते आणि पाणी सुरू होतं, मध्ये काही नाही. तिकडे दोन तास आईचा दंड आवळून धरायचा आणि त्याला सुट्टी म्हणायचं, हे आम्हा दोघांनाही नको होतं. शिवाय ॲम्स्टरडॅमच्या सायकली. मोटारी निदान आवाज करतात. विजेच्या नव्या मोटारींना २०२१ पासून ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत मुद्दाम आवाज काढावा लागतो. सायकलीला तसलं काही बंधन नाही.

जर्मनीतल्या पुष्कळ सिग्नलांच्या पिवळ्या डब्याखाली हात घातला की एक उठावाचा बाण लागतो, आणि चालायची वेळ झाली की तो थरथरतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग आपण एखादा सिग्नलच बघू ना निवांत. फ्रान्समध्ये बोलणारे सिग्नल छोट्या रिमोटनं किंवा ॲपनं जागे करावे लागतात, तो आधी मिळवा.

पैशांच्या बाबतीत युरो भला आहे. नोटा आकारानं वेगळ्या आहेत. ५ ची १२० बाय ६२ मिलिमीटर, १० ची १२७ बाय ६७, २० ची १३३ बाय ७२, ५० ची १४० बाय ७७. नव्या १०० आणि २०० च्या उंचीला ५० एवढ्याच आहेत, फरक फक्त लांबीत, तिथे घोटाळा होतो. नाण्यांच्या कडा वाचता येतात. २० सेंटच्या कडेला सात खाचा, २ सेंटला सभोवार एक चर, १ युरोची कड आलटून पालटून खरखरीत आणि गुळगुळीत. निघण्याआधी आठवडाभर आईनं सुटे पैसे मांडीवर घेऊन बसावं. पण दुकानात कार्डाचं यंत्र पुढे येतं, आणि आता त्याला बटणंच नसतात. जुन्या यंत्रात ५ च्या आकड्यावर एक टिंब असायचं, त्यावरून बाकीचे नऊ सापडायचे. सपाट काचेवर पिन कसा दाबायचा, हे काच बनवणाऱ्यानं कुणाला विचारलं होतं देव जाणे. आई पिन मला कानात सांगते. मागच्या रांगेलाही सांगते, कारण कुजबुजणं तिला कधीच जमलेलं नाही.

राहिलं ते फोटोवाल्याचं "काय बघायला?" आपल्या भाषेत स्थळ म्हटलं की ते प्रेक्षणीय. श्रवणीय फक्त गाणं असतं, आणि हात लावावा अशा जागेला शब्दच सापडत नाही. इटलीत अँकोना गावात म्युझिओ ओमेरो नावाचं संग्रहालय आहे. आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या स्वतः न दिसणाऱ्या जोडप्याच्या कल्पनेतून ते १९९३ मध्ये उभं राहिलं, कारण बाकी जगभर त्यांना "हात लावू नका" एवढंच ऐकू येत होतं. तिथे सगळ्याला हात लावायचा. माद्रिदमध्ये ओन्से या स्पेनमधल्या अंधांच्या संस्थेचं टिफ्लॉलॉजिकल, म्हणजे अंधत्वाशी संबंधित, म्युझियम १९९२ पासून आहे, इमारतींच्या नमुन्यांवरून बोटं फिरवून घुमट कळतो, कमान कळते. जर्मनीतल्या अनेक गावांत मोठ्या चर्चपुढे गावाची कांस्याची प्रतिकृती असते, गल्ल्यांसकट. गाईड तिच्या शेजारून झेंडा घेऊन पुढे निघून जातात. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात अपंग व्यक्तीला आणि एका सोबत्याला प्रवेश मोफत आहे, प्रमाणपत्र दाखवा. मोफत सोबती होण्यासाठी माझ्या घरात अचानक तीन जण तयार झालेत.

आणि स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेनला ट्रुमेलबाख. डोंगराच्या पोटात दहा धबधबे, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी, भुयारातून लिफ्ट आणि मग ओल्या पायऱ्या. हिवाळ्यात बंद असतं. आतल्या गडगडाटात "पायरी आहे" हे ऐकू जात नाही, म्हणून खुणा बाहेरच ठरवून घ्यायच्या. दंड एकदा दाबला की पायरी वर, दोनदा दाबला की खाली, घट्ट धरून ठेवला तर थांब. आम्ही घरच्या जिन्यावर सराव करतोय. आईनं स्वतःची एक खूण वाढवली आहे, तीन चिमटे म्हणजे तू गप्प बस.

नव्या डोळ्यांच्या आठ प्रती टेबलाच्या खणात पडून आहेत. आई अधूनमधून विचारते, त्या बाईंचा पासपोर्ट आला असेल का. फोटोवाल्याला मी फोन केला होता. फोटोचे पैसे परत देतो म्हणाला. रिटचिंगचे देणार नाही, कारण ते काम त्यानं केलेलं आहे.