चर्चची करमाफी आणि आपली देवळं

पुण्यातला माझा आतेभाऊ गेली काही वर्षं एकच मुद्दा लावून धरतो आहे. अमेरिकेत सरकार चर्चकडून कर घेत नाही, विश्वस्त नेमत नाही, कारभारात नाक खुपसत नाही. आपल्याकडे मात्र शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर सगळं सरकारच्या हातात. तेव्हा अमेरिकेसारखी आपली देवळंही सरकारमुक्त करा. मी टेक्सासमध्ये राहते, इथल्या देवळाच्या कामातही असते. त्याच्या मागणीतलं अर्धं मला मनापासून पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहिते आहे.

इथल्या चर्चला करमाफी मिळते, पण तिला एक अट आहे. १९५४ साली लिंडन जॉन्सन टेक्सासचे सिनेटर होते आणि पुन्हा निवडणुकीला उभे होते. काही करमुक्त संस्था त्यांच्याविरुद्ध साहित्य वाटत होत्या. त्यांनी करकायद्यात दुरुस्ती आणली: करमुक्त संस्थेने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही. रोख चर्चवर नव्हता, पण चर्चही त्याच कलमात बसत असल्याने अट त्यांनाही लागू झाली. कायद्याच्या भाषेत 'चर्च' या शब्दात मशीद, सिनगॉग आणि आमचं देऊळही येतं.

अट कडक, अंमलबजावणी मात्र फार ढिली. १९९२ च्या निवडणुकीच्या तोंडावर न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने बिल क्लिंटन यांना मत देऊ नका, अशा पानभर जाहिराती राष्ट्रीय वृत्तपत्रांत दिल्या. जाहिरातीच्या तळाशी लिहिलं होतं की या जाहिरातीसाठी करसवलत मिळणाऱ्या देणग्या आनंदाने स्वीकारू. त्या चर्चची करमाफी गेली आणि २००० मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. या कारणावरून करमाफी गेल्याचं सगळीकडे सांगितलं जाणारं उदाहरण हे एवढंच. २००८ पासून तर शेकडो पाद्र्यांनी ठरवून, जाहीरपणे प्रवचनात उमेदवारांची नावं घेतली, ध्वनिफिती स्वतः कर खात्याकडे पाठवल्या, आणि तरी काही झालं नाही. जुलै २०२५ मध्ये पुढचं पाऊल पडलं. टेक्सासमधल्या दोन चर्चनी आणि त्यांच्या सोबत्यांनी लावलेल्या दाव्यात कर खात्यानेच न्यायालयाला लिहून दिलं की धर्मविधीच्या ओघात पाद्र्याने आपल्या भाविकांशी श्रद्धेच्या नजरेतून निवडणुकीबद्दल बोलणं हा प्रचार धरू नये. ते घरातल्या चर्चेसारखं आहे.

पाद्री बोलला म्हणून माझी झोप उडत नाही. त्याला मत आहे, त्याला तोंड आहे. काळ्या समाजाच्या चर्चमधून नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. अटलांटाच्या ज्या एबेनेझर चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग प्रवचन करत, तिथले पाद्री राफाएल वॉर्नॉक आज सिनेटर आहेत. अन्यायावर धर्मपीठावरून बोलायला १९५४ च्या अटीने कधीच मनाई केली नाही. मनाई आहे ती संस्थेने उमेदवाराचा प्रचार करण्याला.

मला भीती वाटते ती पैशाची. इथे उमेदवाराच्या प्रचाराला मी हजार डॉलर दिले तर करात एका पैशाची वजावट मिळत नाही, आणि माझं नाव निवडणूक आयोगाच्या नोंदीत कुणालाही वाचता येतं. तेच हजार डॉलर चर्चला दिले तर वजावट मिळू शकते आणि नाव कुठे छापून येत नाही. बहुतेक करमुक्त संस्थांना दरवर्षी उत्पन्न-खर्चाचं विवरण भरावं लागतं, ते जनतेला पाहता येतं. चर्चला तेही भरायला लागत नाही. चौकशी करायची तरी १९८४ च्या कायद्याप्रमाणे आधी वरिष्ठ अधिकाऱ्याने तसं लेखी कारण नोंदवावं लागतं. अशा बंद पेटीला उमेदवाराच्या प्रचाराचं दार उघडून दिलं तर बिंगहॅम्टनच्या जाहिरातीखालची ती ओळ उद्या नेहमीची होईल.

आमच्या देवळात रिपब्लिकन आहेत, डेमोक्रॅट आहेत, अजून नागरिकत्व न मिळालेलेही आहेत. निवडणुकीच्या वर्षी गणपतीत दोन्ही पक्षांचे उमेदवार येतात, नमस्कार करतात, शाल-श्रीफळ घेतात. त्यानंतर समितीचे अध्यक्ष दरवेळी सांगतात की संस्था कुणालाही पाठिंबा देत नाही. कायद्याचा धाक आहे म्हणून सांगतात, हे मला माहीत आहे, आणि तो धाक असावा असं मला वाटतं. नाहीतर आरतीला कोण कोणाच्या शेजारी उभं राहतं, याचीही गणितं सुरू होतील.

आता घरचं. आतेभावाचं म्हणणं कुठे पटतं? सिद्धिविनायकाचा १९८० चा कायदा आणि शिर्डीचा २००४ चा, दोन्हींत विश्वस्त राज्य सरकार नेमतं. परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे: सरकार बदललं की मंडळ बदलतं, आणि जागा पक्षाच्या माणसांत वाटल्या जातात. शिर्डीचं २०२१ मधलं मंडळ उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला २०२२ मध्ये रद्द करावं लागलं. देवाच्या पेटीवर आमदारांना बसवणं हे देवळाचं राजकारण झालं, आणि ते थांबायलाच हवं.

पण सरकार पूर्ण बाजूला झालं की भाविकांचं भलं होईल, हे खरं नाही. पंढरपूरचा १९७३ चा कायदा आला नसता तर बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे देवळावरचे वंशपरंपरागत हक्क गेले नसते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शब्द दिला. आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे आपल्या गावातल्या लहानशा देवस्थानालाही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, हिशेब द्यावा लागतो. चर्चच्या ट्रस्टलाही. खातं संथ आहे, तक्रारी वर्षानुवर्षं पडून राहतात, मान्य. तरीही टेक्सासमधल्या मोठ्या चर्चला सरकारकडे असा हिशेब द्यावा लागत नाही. तिथल्या पाद्र्याचं विमान कोणाच्या पैशाचं, हे साध्या भाविकाने विचारलं तरी उत्तर मिळेलच असं नाही. हे आपण इथून उचलायचं?

शिवाय आपल्याकडे १९८८ चा एक कायदा पंजाबातल्या दहशतवादाच्या पार्श्वभूमीवर झाला, धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा. देवळाची, मशिदीची, मठाची जागा राजकीय कामासाठी वापरली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेतल्या अटीहून तो कितीतरी कडक आहे. तरी निवडणूक आली की महाराज आणि मौलाना मठातून, मशिदीतून कोणाला मत द्यायचं ते सांगतात, उमेदवार दर्शनाला रांगा लावतात, आणि हा कायदा कोणी उच्चारतही नाही.

म्हणून आतेभावाला माझं सांगणं असं. सरकारमुक्तीची मागणी कर, मी सही करेन. पण मसुद्यात तीन गोष्टी घाल. ज्याने गेल्या पाच वर्षांत निवडणूक लढवली किंवा पक्षाचं पद सांभाळलं, तो विश्वस्त होणार नाही. धर्मादाय आयुक्तांकडचा हिशेब चालूच राहील, आणि तो भाविकाला मोबाइलवर वाचता येईल. आणि देवस्थानाने उमेदवाराला पाठिंबा दिला तर त्या वर्षीची करमाफी जाईल, मग मठाधिपती कोणत्याही पक्षाच्या जवळचा असो.