जळकं ऑइल, अर्धी गोळी आणि आमची म्हातारी

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर पाण्याच्या बाटलीत जळकं ऑइल. काळंभोर, अर्धी बाटली. आईनं गल्लीतल्या पोराला पाठवून गॅरेजवरून आणवलं होतं. "मामानं ग्रुपवर टाकलंय की. म्हातारीला लावायचंय, तुझीच वाट बघायले," आई म्हणाली.

आजोळच्या ग्रुपवर तो मेसेज होता. 'म्हातारं, आजारी कुत्रं घरी आणणाऱ्यांनो, आधी हे वाचा!' सहा मुद्दे आणि खाली अकरा अंगठे. खरजेला जळकं ऑइल आणि गंधक लावा. दुखत असेल तर माणसाची अर्धी गोळी भाकरीत द्या. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, तेव्हा दहा वर्षांच्या कुत्र्यावर खर्च म्हणजे पैसा पाण्यात. म्हातारं कुत्रं नव्या माणसांना रुळत नाही आणि पिसाळतं. त्याला अंडं-मटण बंद करून नुसती दूध-भाकरी घाला. आणि नको झालं तर सोडून द्या, त्यात काही गुन्हा नाही.

म्हातारी म्हणजे आमच्या गल्लीतलं एक बिऱ्हाड जिंतूर सोडून पुण्याला गेलं, तेव्हा फाटकाला बांधून ठेवलेली कुत्री. 'येऊन नेतो' म्हणाले होते. शेजाऱ्यांनी साखळी सोडली तरी ती त्याच फाटकाशी बसून राहिली. अंगावरचे केस गेलेले, कानात गोचिड्यांचे घोस, मागचा पाय उचलून चालायची. नाव स्वीटी असल्याचं कळलं, पण हाक मारली तर वळेना. ऐकूच येत नव्हतं. मग आमच्याकडं ती नुसती म्हातारीच झाली.

आता ऑइल. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा, खरजेचं कुत्रं दिसलं की कुणीतरी गॅरेजकडं बोट दाखवतंच. इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे बारीक कण असतात, जळून तयार झालेली विषारी रसायनं असतात. खरजेनं सोललेल्या कातडीतून ते आत जातं. उरलेलं कुत्रं चाटतं, कारण अंगाला लागलेलं चाटणं हा त्याचा स्वभाव. म्हणजे लावलं पाठीवर आणि गेलं पोटात. वर आपलं ऊन. त्या चिकट थरासकट ते जनावर दुपारभर धापा टाकत पडणार.

"पण आमच्या वाड्यावरच्या कुत्र्याला गुण आला होता," हे मामांचं फोनवरचं उत्तर. आला असेल. गंधक खरजेवर खरोखर चालतं, माणसाच्या खरजेच्या मलमातही वापरतात. तेवढं त्या मेसेजचं कबूल. आणि पिल्लांची एका प्रकारची खरूज पुष्कळदा आपोआपच जाते. श्रेय मात्र ऑइल घेऊन जातं.

शिवाय खरूज कोणती, हे न बघता लावायचं काय? परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात म्हातारीची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तेव्हा कळलं की तिची खरूज डेमोडेक्सची, म्हणजे कातडीतल्या एका बारीक किड्याची आहे. ही माणसाला लागत नाही. दुसरी, सार्कोप्टिस नावाच्या किड्याची, माणसाला काही दिवस खाज आणू शकते, तेव्हा खरूज आपल्याला लागेल म्हणून घाबरलेल्या आईचं अगदीच चुकलं नव्हतं. पण खरी गोष्ट पुढं आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला डेमोडेक्स उफाळला की आत दुसरं काहीतरी बिघडलंय का ते शोधावं लागतं. रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, प्लेटलेट खाली आलेल्या. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. ऑइल लावून बसलो असतो तर कातडी चकाकली असती आणि म्हातारी आतून संपली असती.

अर्ध्या गोळीचं तर विचारू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या अंगदुखीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉल यकृतावर येतं. "माणसाला चालतं ते कुत्र्याला का नाही?" तर गिधाडांना विचारा. विचारायला उरली असती तर. डायक्लोफेनॅक गाई-म्हशींना चालत होतं. ती जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली. पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तरी लोक माणसाच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचत राहिले, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद केल्या. गाईला सोसलं ते गिधाडाला सोसलं नाही, आणि हे मेसेजवाले भाकरीत अर्धी गोळी कुस्करायलेत! म्हातारीच्या सांध्यांना औषध आहे, पण तिच्या वजनावर मोजून डॉक्टरनं दिलेलं.

वयाचा हिशोब. सातनं गुणायचं हे खोटं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये लॅब्राडोर कुत्र्यांवरून सूत्र काढलं. त्यात एक वर्षाचं कुत्रं माणसाच्या ३१ व्या वर्षाशी जुळतं. आता गंमत अशी की त्याच सूत्रानं दहा वर्षांचं कुत्रं ६८ चं भरतं, म्हणजे मेसेज चुकून जवळ आला. पण मामा स्वतः ७२ चे आहेत. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. तेव्हा पैसा पाण्यात म्हणून ग्रुपवर कुणी टाकलं नाही.

पिसाळणं वयानं येत नाही, पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून येतं. लस द्या, विषय संपला. दूध बऱ्याच वयात आलेल्या कुत्र्यांना पचत नाही, हगवण लागते. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर खाणं बदलावं लागतं हे खरं, पण आजार नसताना म्हाताऱ्या कुत्र्याचं अंडं-मटण खाणं तोडलं तर त्याचं अंगच उतरतं. आणि नव्या माणसांना रुळत नाही म्हणे! म्हातारीला ऐकू येत नाही, झोपेत एकदम हात लावला तर दचकून गुरगुरते, एवढंच. आता आई आधी जमिनीवर पाय आपटते. हादरा कळला की म्हातारी डोळे उघडते, मग शेपटी.

सोडून देण्यात गुन्हा नाही? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं ११ वं कलम काढा. उपाशी-तहानलेलं राहून हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडणं हा गुन्हाच आहे. पहिल्या वेळेला दंड १० ते ५० रुपये. भज्याच्या दोन प्लेटींचा. त्यामुळं कुणी भीत नाही, हेही मला मान्य आहे.

मामांना हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि तासाभरात साखरेवरचा घरगुती उपाय पाठवला.

बाटलीतलं ऑइल मी फाटकाच्या बिजागरीला घातलं. फाटक आता करकरत नाही. म्हातारीला तसंही ऐकू येत नव्हतं.