घरच्या घरी गिअरबॉक्स खोला आणि चेंबरची वाट लावा

यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० मोटरसायकलचा दुसरा गिअर सटकतोय? मेकॅनिककडे अजिबात जाऊ नका, उगाच पैसे जातात. रविवार आहे, गच्ची आहे, फोनवर व्हिडीओ आहे, अजून काय लागतं. आमच्या मेव्हण्याने हेच केलं आणि मंगळवारी रात्री जेवायच्या वेळेला चेंबरचे, म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि गिअर ज्यात बसतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीचे, दोन्ही भाग घमेल्यात घालून दारात उभा, "दाजी, जरा बघता का". त्यावरून सुचलेल्या या टिपा.

स्क्रू घट्ट असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने स्क्रू फिरवणारा) वगैरे आणू नका, डोकं गोल होईपर्यंत साधाच फिरवा, मग छिन्नी आहेच.

निघालेले सगळे स्क्रू एकाच वाटीत टाका. लांब कुठला, आखूड कुठला ते बसवताना कळतंच, लांबडा आखूड भोकात पिळला की अ‍ॅल्युमिनियमचा टवका उडतो.

आता मुख्य काम. चेंबर सुटत नाहीये? एखादा स्क्रू राहिला असेल का, असल्या शंका काढत बसू नका. सगळ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या, जोडावर लावा आणि वरून हातोडी हाणा. नाही सुटलं तर दुसरीकडे हाणा. पुलर नावाची एक वस्तू असते, ती चेंबरला बोल्टने धरते आणि क्रँकच्या टोकावर दाब देऊन दोन्ही भाग सरळ रेषेत वेगळे करते, वाकडं जातंय वाटलं तर नायलॉनच्या हातोडीने जाड जागी दोन टिचक्या, बस. पण त्यात मर्दानगी कुठाय? आमच्या वीराने सहा ठिकाणी खाचा पाडल्यात. टॉर्च मारून नख फिरवलं तर एका खाचेत नख अडकतंय, आणि ती नेमकी क्रँकच्या पोकळीला लागून. तिथे कागदाचं पॅकिंगही नसतं हो, नुसता बाँडचा, म्हणजे फटी बंद करणाऱ्या चिकट लेपाचा, पातळ थर! टू-स्ट्रोक आहे ती, पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी त्याच पोकळीत येतं, तिथून बाहेरची हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एक दिवस हायवेवर जाम होतो. मग म्हणा गाडीत दम राहिला नाही.

बेअरिंग गार चेंबरमध्येच ठोका. शंभर अंशाच्या आसपास चेंबर तापवलं की अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं आणि बेअरिंग आपसूक आत बसतं, पण आपल्याला घाई आहे ना.

सहा एमएमच्या स्क्रूला दहा न्यूटन मीटर पुरतात, तुम्ही आटे जाईपर्यंत आवळा.

तडा गेला तर एम-सील लावा.

जाऊ दे, मला हे असं लिहायलाच जमत नाहीये. अरे बाबा, हे दोन्ही भाग कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात, एक खराब झाला म्हणून दुसऱ्या गाडीचा आणून बसवला असं होत नाही. आणि ही गाडी १९९६ लाच बंद झालीये, चांगली जोडी आता भंगारात शोधायची! आर्गन वेल्डिंग करून जोडाचा फेस पुन्हा सपाट करून घ्यायचा तर लेथवाल्याकडे तू जा, मी येणार नाही, मला त्याच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटते. चार गल्ल्या सोडून राहतोस. माझ्याकडे पुलर आहे हे तुला माहीत आहे, मागच्या दिवाळीत तूच तो हातात घेऊन विचारलं होतंस, "दाजी, हे काय असतं?"