साडेसात कोटी डॉलर भरले की तेल कंपनी सुटते?

मेक्सिकोच्या आखातात 2010 मध्ये स्फोट होऊन बुडालेल्या डीपवॉटर होरायझन या तेल-रिगच्या दुर्घटनेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘अमेरिकी कायद्यात समुद्रात कितीही तेल सांडलं तरी कंपनीला फार तर साडेसात कोटी डॉलर द्यावे लागतात. किनाऱ्यावरच्या राज्यांना काही करता येत नाही, उरलेला भार करदात्याच्या माथी.’ यातला आकडा कायद्यात खरोखर होता, म्हणून बाकीचंही लोकांच्या गळी उतरतं. पण एकेक विधान तपासलं तर चित्र बरंच वेगळं निघतं.

आधी तो आकडा. एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज 1989 मध्ये अलास्कात खडकावर आदळलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने ‘ऑइल पोल्युशन ॲक्ट’ संमत केला. समुद्रातल्या तेलविहिरी आणि प्लॅटफॉर्म यांच्यासाठी त्यात मर्यादा आहे ती अशी: साफसफाईचा सगळा खर्च, अधिक साडेसात कोटी डॉलर. फॉरवर्डमध्ये नेमका हा ‘अधिक’ गळालेला असतो. तवंग अडवणारे बूम, तेल उपसणाऱ्या बोटी, किनारा साफ करणारी माणसं या खर्चाला मर्यादा नाही. राज्य सरकारने केलेला असा खर्चही कंपनीकडून वसूल होतो. मर्यादा आहे ती नुकसानभरपाईला, म्हणजे मच्छीमाराचं बुडालेलं उत्पन्न, हॉटेलचा वाया गेलेला हंगाम, राज्याचा न मिळालेला कर आणि रॉयल्टी, पाणथळ जागांची हानी यांना. शिवाय हा आकडाही जुना झाला. महागाईनुसार वाढत 2023 मध्ये तो सुमारे 16 कोटी 78 लाखांवर गेला.

ही मर्यादाही सहज मोडते. घोर निष्काळजीपणा ठरला, किंवा कंपनीने अथवा तिच्या कंत्राटदाराने संघराज्याचे (म्हणजे केंद्र सरकारचे) सुरक्षा नियम मोडल्यामुळे गळती झाली, तर मर्यादेचं संरक्षण जातं. गळतीची खबर दिली नाही किंवा साफसफाईत सहकार्य नाकारलं तरीही तेच. डीपवॉटर होरायझन रिग बीपी या तेल कंपनीच्या मकोंडो विहिरीवर काम करत होती; तिथे 20 एप्रिल 2010 ला काय झालं ते पाहा. विहीर बंद करणारं सिमेंट धरलंय की नाही हे तपासण्यासाठी विहिरीतला दाब मुद्दाम कमी करून चाचणी घेतली. ड्रिल पाइपवर (खोदकामाच्या नळावर) 1,400 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब दिसत होता, किल लाइनवर, म्हणजे विहिरीत जाणाऱ्या दुसऱ्या नळावर, काहीच नाही. दोन्ही मार्ग एकाच विहिरीत उतरतात. त्यांच्यात एवढा फरक म्हणजे खालून काहीतरी आत येतंय, असा अर्थ घेऊन काम थांबवायला हवं होतं. त्याऐवजी या फरकाला भलतंच स्पष्टीकरण चिकटवून चाचणी यशस्वी मानली गेली. त्याच रात्री स्फोट झाला, 11 कामगार गेले. 2014 मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी बीपीचा निष्काळजीपणा घोर ठरवला, त्यात या चाचणीचा वाटा मोठा होता. खरं तर त्याआधीच, ऑक्टोबर 2010 मध्ये, बीपीने न्यायालयाला कळवलं होतं की आम्ही मर्यादेचा आधार घेणार नाही.

रिगची मालक ट्रान्सओशन मात्र 1851 च्या एका जुन्या कायद्याकडे धावली. जहाजमालकाचं दायित्व दुर्घटनेनंतर जहाजाची जी किंमत उरेल तेवढंच, असा तो कायदा; रिग समुद्रतळाशी गेलेली असल्याने कंपनीने आकडा सांगितला सुमारे 2 कोटी 67 लाख डॉलर. 1990 च्या कायद्याखालच्या दाव्यांपुढे ही ढाल चालत नाही.

‘राज्यांना काही करता येत नाही’ हे विधान सर्वांत जास्त दिशाभूल करतं. 1990 च्या कायद्यात स्वतंत्र कलम घालून राज्यांना आपल्या हद्दीतल्या तेल प्रदूषणाबद्दल जादा दायित्व आणि दंड लादण्याची मुभा ठेवली आहे. त्याच्याही आधी, 1973 मध्ये, फ्लोरिडाचा असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला होता. कॅलिफोर्निया आणि अलास्कात कंपनीची चूक सिद्ध न करताही तिच्याकडून भरपाई घेता येते.

पण इथे उलट टोकाला जाऊन ‘राज्य हवं तेवढं वसूल करू शकतं’ असं म्हणणंही चूक. तेल कुठून निघालं हे निर्णायक ठरतं. बहुतेक राज्यांची हद्द किनाऱ्यापासून 3 सागरी मैल. टेक्सासची आणि आखाताच्या बाजूने फ्लोरिडाची सुमारे 9. मकोंडो लुइझियानापासून सुमारे 66 किलोमीटर दूर, म्हणजे संघराज्याच्या पाण्यात. तिथल्या किनारी पॅरिशनी (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) मेलेल्या वन्यजीवांबद्दल राज्याच्या कायद्याखाली दंड मागितला. 2014 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला: उगम संघराज्याच्या पाण्यात असेल तर कायदाही संघराज्याचाच. तरी राज्यांचे हात रिकामे राहिले नाहीत, कारण संघराज्याच्या त्याच कायद्याखाली ती स्वतःच दावेदार असतात. आधी कंपनीकडे नेमक्या रकमेचा लेखी दावा करायचा. तिने नाकारला किंवा 90 दिवसांत निकाली काढला नाही, तर न्यायालयात जायचं किंवा तेलगळती निधीकडे. ही पायरी चुकली की दावा तिथेच अडकतो.

(मुंबई हायशी तुलना करताना एक लक्षात ठेवावं. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 297 नुसार सागरी हद्दीतली खनिजं केंद्राची आहेत; अमेरिकेतल्या राज्यांसारखा पट्टा महाराष्ट्राकडे नाही.)

करदात्याच्या माथी किती? वर सांगितलेला तेलगळती निधी मुख्यतः तेलावरच्या प्रति बॅरल करातून भरत आला आहे आणि दिलेले पैसे कंपनीकडून वसूल करतो. 2016 च्या तडजोडीत बीपीने 2,080 कोटी डॉलर मान्य केले: 550 कोटी दंड, 810 कोटी निसर्गाच्या हानीबद्दल, 490 कोटी पाच राज्यांच्या आर्थिक नुकसानीसाठी, उरलेले स्थानिक संस्था आणि इतर देणी. दंडातला 80 टक्के हिस्सा 2012 च्या कायद्याने आखाताच्या पुनर्बांधणीकडे वळवला. मात्र दंडावर करसवलत मिळत नसली तरी भरपाईच्या मोठ्या भागावर मिळू शकते. तेवढ्यापुरती करदात्याची तक्रार रास्त आहे.

काळजी करायचीच असेल तर ती वेगळ्या ठिकाणी करावी. बीपीकडे पैसा होता. कायदा मात्र संघराज्याच्या पाण्यातल्या विहिरीसाठी मुळात फक्त साडेतीन कोटी डॉलरची आर्थिक हमी मागतो (धोका पाहून ती 15 कोटींपर्यंत वाढवता येते). राज्याच्या हद्दीतल्या विहिरीसाठी तर सुरुवात 1 कोटीपासून. 2004 मध्ये इव्हान वादळाने टेलर एनर्जीचा प्लॅटफॉर्म लुइझियानाजवळ पाडला आणि गळती वर्षानुवर्षं चालू राहिली. 2021 च्या तडजोडीत विहिरी बंद करण्यासाठी 43 कोटींहून अधिक डॉलर सरकारला मिळाले, कारण ते आधीच एका ट्रस्टमध्ये बाजूला काढून ठेवायला लावले होते. दंड, साफसफाई आणि निसर्गाची हानी यांपोटी कंपनीकडून आले ते सुमारे 4 कोटी 30 लाख. मोठ्या कंपन्या म्हाताऱ्या विहिरी छोट्या कंपन्यांना विकतात, त्या हस्तांतराच्या वेळी हमीची रक्कम काय ठरते हे विचारायला हवं.