माऊसच्या डबल क्लिकने डोकं उठवलंय

परत तेच! एकदा क्लिक केलं की दोनदा होतंय, फाईल नुसती सिलेक्ट करायला जावं तर उघडते, ड्रॅग करताना मध्येच सुटून भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि मग बसा शोधत. सेन्सर चांगला, व्हील चांगलं, बाकी अख्खा माऊस ठणठणीत. बिघाड काय तर बटणाखालच्या एवढ्याशा मायक्रोस्विचमधली तांब्याची पातळ पट्टी ढिली पडते नाहीतर कॉन्टॅक्टवर घाण धरते, मग एकदा दाबलं तरी ती थरथरून दोनदा टेकते आणि कॉम्प्युटरला वाटतं डबल क्लिक. बस्स, एवढंच! स्विच किरकोळ पैशात मिळतो हो, पण स्क्रू लपवलेत खालच्या चिकट पॅडखाली, ती एकदा उचकटली की परत नीट चिकटत नाहीत, आणि स्विचचे तीन पाय बोर्डावर सोल्डर केलेले. दुकानात नेलं तर उघडूनही न बघता "नवीनच घ्या ना". का घ्यायचा नवीन? काही माऊसमध्ये स्विच सॉकेटमध्ये बसवलेला असतो, ओढून काढला, दुसरा लावला, झालं काम. मग सगळ्याच माऊसना तसं द्यायला काय होतं या कंपन्यांना?