कंत्राटदारानेही केलं असतं?

ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच झोडपलंत. साचा करून माल ओतणं हे गवंडीकाम, त्यात शिल्पकला कसली. माणसांना राहायला घर नाही अशा शहरात घराचं प्रदर्शन मांडणं ही चेष्टा. आणि ज्यांच्याकडे वेरूळ आहे त्यांनी असल्या ठोकळ्यांचं कौतुक करू नये. मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही लांबतंय.

तिच्या ‘हाउस’ या शिल्पात गवंडीकाम होतंच, ते लपवायचं कशाला? पूर्व लंडनमध्ये ग्रोव्ह रोडवरचं १९३ नंबरचं, पाडायला काढलेलं घर. १९९३ साली आधी आत नवा पाया घातला, भिंतींना आतून लोखंडी जाळी लावली, तिच्यावर काँक्रीट फवारलं आणि ते पक्कं झाल्यावर बाहेरच्या विटा उतरवल्या. घर गेलं, त्याच्या आतली पोकळी तेवढी उभी राहिली. शेकोटीची खोबण होती तिथे पुढे आलेला ठोकळा. जिन्याच्या पायऱ्या बाजूला नागमोडी उमटलेल्या. दोन मजल्यांच्या मधे आडवी फट, कारण तिथे लाकडी तुळया होत्या. कंत्राटदाराला हे ओतता आलं असतं, अगदी मान्य. पण हेच ओतायचं, आणि एवढंच ओतायचं, हे त्याला कोणी सांगितलं असतं?

तिचं त्याआधीचं, १९९० सालचं ‘घोस्ट’ पाहिलंत तर मुद्दा जास्त नीट कळेल. उत्तर लंडनमधल्या एका जुन्या घरातली एकच खोली, प्लास्टरमध्ये, तुकड्या-तुकड्यांनी घेतलेली. आता ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. आकार म्हणाल तर आपल्या हिशेबात जवळपास दहा बाय बारा, उंची जेमतेम नऊ फूट. शेकोटीच्या जागी काजळीचा डाग प्लास्टरला लागून आलाय. दाराचं उंचवट्याचं नक्षीकाम खोल गेलंय. आणि दिव्याचं बटण उलटं उमटलंय. ते बटण बघतानाच व्हाइटरीडच्या लक्षात आलं, की आपण आता भिंतीच्या जागी उभ्या आहोत. तिने तसं सांगितलेलंही आहे. माझ्या मते सगळी गोम त्या बटणात आहे. एरवी खोलीत शिरलो की आपली नजर भिंतींवर, सामानावर जाते. मधली मोकळी जागा आपण हिशेबातच धरत नाही. इथे तीच भरलेली. आत पाऊल टाकता येत नाही, नुसती प्रदक्षिणा घालायची, आणि बाहेरून बघताना वाटत राहतं की एवढ्याशा जागेत माणसं राहत होती?

आता चेष्टेबद्दल. ‘हाउस’मुळे कोणी बेघर झालं नाही. ती रांग पालिकेने बागेसाठी आधीच रिकामी करायला घेतली होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये व्हाइटरीडला टर्नर पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला कलेचा मोठा मान, मिळाला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री, आणि त्याच दिवशी पालिकेने ‘हाउस’ पाडायचा ठराव केला. जानेवारी १९९४ मध्ये ते पाडलंही. टर्नरची रक्कम २०,००० पौंड. त्याच सुमारास के फाउंडेशन या कलाकार जोडीने तिला ‘सर्वांत वाईट कलाकार’ म्हणून बरोबर दुप्पट, ४०,००० पौंड दिले. त्यातले ३०,००० तिने गरजू कलाकारांना दिले आणि १०,००० बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘शेल्टर’ला. बाकी तुमचा वैताग नवा नाही. ‘हाउस’च्या भिंतीवरच कोणीतरी ‘कशासाठी?’ असं रंगवलं होतं. दुसऱ्या कोणीतरी ‘का नाही?’ असं उत्तर दिलं होतं.

वेरूळचं म्हणाल तर कैलास लेणं मलाही तुमच्याइतकंच प्रिय आहे. पण तिथे ज्या चौकातून आपण मान वर करून फिरतो, तो चौक म्हणजे फोडून काढलेला खडकच की! रिकामी जागा घडवावी लागते हे वेरूळ पाहिलेल्याला मी काय वेगळं समजावणार?

तिच्या व्हिएन्नामधल्या स्मारकाला तुम्ही जाता जाता ‘बंकर’ म्हणालात. २००० साली यूदेनप्लाट्झ चौकात उभं राहिलेलं हे काँक्रीटचं ग्रंथालय नाझींनी मारलेल्या ६५,००० हून अधिक ऑस्ट्रियन ज्यूंसाठी आहे. पुस्तकांचे कणे आत, पानांच्या कडा बाहेर, त्यामुळे एकाही पुस्तकाचं नाव वाचता येत नाही. दाराला मूठ नाही. ते बघून प्रसन्न वाटलं असतं तर मलाच शंका आली असती.

तिचं सगळंच मला पटतं असं मुळीच नाही. २००५ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये तिने खोक्यांचे १४,००० पांढरे प्लास्टिकचे साचे रचले होते. त्याला तुम्ही गोदाम म्हणाला असतात, तर मी हे उत्तर लिहायला बसलोच नसतो.